धुऱ्यावरचे झाड मोजल्यावाचून विकू नये

शेताचा हिशेब मांडताना आपण कपाशीचे क्विंटल मोजतो, सोयाबीनची पोती मोजतो, हळदीचा उतारा काढतो, उसाची एकरी टनावारी विचारतो. त्याच शेताच्या धुऱ्यावर वडिलांच्या अथवा आजोबांच्या हातची, किंवा आपोआप उगवून वाढलेली साग, बिजा, मोह, आंबा यांची झाडे उभी असतात. त्यांची नोंद मात्र घरातील कोणत्याही वहीत सापडत नाही. निकड उभी राहिली म्हणजे त्यांची आठवण होते, आणि निकडीच्या वेळी आठवलेल्या मालाला निकडीचाच भाव मिळतो. उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठापासून बिटरगावकडील रानापर्यंत हेच चित्र कमीअधिक प्रमाणात दिसते. प्रस्तुत लेखात त्याविषयी काही विचार शेतकरी बंधू-भगिनींपुढे, आणि त्याहून अधिक गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांपुढे, मांडावयाचे आहेत.

काही वर्षांपूर्वी अतिवृष्टीच्या नुकसानीचे पंचनामे करीत मी एका शेतात गेलो होतो. पिकाची पाहणी आटोपल्यावर धुऱ्यावरून परतताना ताजे तोडलेले सागाचे चौदा बुंधे ओळीने दिसले. सोबतच्या वयस्क शेतकऱ्याला विचारले, तेव्हा मृगाच्या तोंडावर बियाणे-खतासाठी सर्व झाडे उक्ती दिल्याचे त्यांनी सांगितले. चौदा झाडांचे मिळून बेचाळीस हजार रुपये आले होते. “साहेब, झाड नुसतं उभं होतं. त्याला ना बी लागे ना खत. जे आलं ते फुकटचंच,” असे ते म्हणाले. माझ्याजवळ टेप होती. बुंध्यांचे घेर घेतले. त्यांतील पाच बुंध्यांचा घेर साडेपाच फुटांच्या वर भरला. त्यांना मिळालेली रक्कम दर झाडाला तीन हजार रुपये पडली होती, आणि जाड-बारीक सर्व झाडांना एकच भाव लागला होता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. त्याच धुऱ्यावरून आधीचे दोन हंगाम मी गुलाबी बोंडअळीच्या सर्वेक्षणासाठी चाललो होतो. झाडागणिक बोंडे मोजली, कामगंध सापळ्यांतील पतंग मोजले, तक्ते भरून वर पाठविले. डोक्यावर ज्यांची सावली होती ती झाडे मात्र मी मोजली नाहीत, आणि ‘विकण्यापूर्वी मोजा’ एवढा एक शब्दही त्या शेतकऱ्याला सांगितला नाही. तेव्हा या लेखातील टीका प्रथम आम्हा अधिकाऱ्यांवर आहे, मग इतरांवर.

उभ्या झाडाचा भाव कोण ठरवितो?

कापसाला आधारभूत किंमत असते, सोयाबीनचा भाव बाजार समितीच्या फलकावर लागतो. उभ्या झाडाला असा फलक नाही. विकणारा आयुष्यात एकदा किंवा दोनदा झाडे विकतो. घेणारा वर्षभर तोच व्यवसाय करतो. घेणाऱ्याला घेर, लांबी, गाभा, वाहतूक आणि आरागिरणीतील घट या साऱ्यांचा अंदाज असतो. विकणाऱ्याला केवळ आपली निकड ठाऊक असते. अशा सौद्यात कोणाची बाजू पडती राहील, हे सांगावयास नको. उक्त्या व्यवहाराचे मर्मच हे, की मोजमाप एकालाच कळावे.

याचा अर्थ प्रत्येक ठेकेदार लबाड असतो असा नव्हे. शहरातील दुकानात सागवानी पलंगाची किंमत ऐकून शेतात उभ्या असलेल्या झाडाला तोच भाव मागणे हेही अज्ञानच होय. झाड आणि पलंग यांच्यामध्ये पुष्कळ खर्च असतो. तोडणी, फांद्या छाटणे, ओंडके पाडणे, रानवाटेने ते सडकेपर्यंत आणणे, परवानगी, वाहतूक परवाना, भाडे, आरागिरणीची मजुरी हे सारे त्यात येते. आरागिरणीत गोल लाकडाचा फार मोठा भाग भुसा, साल आणि बाजूच्या निरुपयोगी फळ्या यांत जातो. उरलेले कापीव लाकूड सुकवावे लागते. सुकताना काही फळ्या वाकतात, काही चिरतात. उभे झाड आतून पोकळ निघण्याचा धोकाही घेणाऱ्याचाच असतो. हे सर्व वजा जाता जे उरते, ती उभ्या झाडाची किंमत. ती पलंगाच्या किमतीहून पुष्कळ कमी असणारच; परंतु ती हिशेबाने कमी असावी, मनमानीने नव्हे.

म्हणून प्रत्येक झाडमालकाने एक सूत्र पाठ करावे: आगारात त्या ओंडक्याला जो भाव मिळेल, त्यातून तेथवरचा खर्च आणि घेणाऱ्याचा वाजवी नफा वजा करावा, बाकी राहील ती आपली किंमत. वनविभागाच्या व महाराष्ट्र वन विकास महामंडळाच्या आगारांत लाकूड लांबी व घेर यांच्या वर्गवारीने लिलावात विकले जाते. बल्लारपूरच्या आगारातून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेले, ही वार्ता सर्वांनी वाचली आहे. त्या आगारातील वर्गवारीचे लिलावाचे भाव वाचणारे मात्र आपल्यात फारच थोडे. वास्तविक विक्रेत्याच्या हातात असणारे उत्तम साधन तेच होय.

टेप आणि चार ओळींचे गणित

झाड मोजण्यास यंत्र लागत नाही. शिंप्याची साठ इंची टेप पाच फुटांपर्यंतच्या घेरास पुरते. त्याहून जाड झाडास सुतळी गुंडाळून ती सुतळी मोजावी. उभ्या झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर घ्यावा. उतारावरील झाडाचा घेर चढाच्या बाजूने उभे राहून घ्यावा.

खोडाच्या उपयोगी भागाची लांबी काढण्याची रीतही सोपी आहे. एक सरळ काठी हात पुढे ताठ करून उभी धरावी. मुठीपासून डोळ्यापर्यंत जितके अंतर, तितकीच काठी मुठीच्या वर ठेवावी. मग सपाट जमिनीवर मागे मागे सरकत जावे. झाडाचा बुंधा मुठीशी आणि खोडाची पहिली मोठी फांदी काठीच्या टोकाशी जुळली म्हणजे थांबावे. तेथून झाडापर्यंत पावलांनी किंवा टेपेने जे अंतर भरेल, तीच खोडाची लांबी.

आता घनफूट काढावयाचे. बाजारात जुनी चौथाईची रीत रूढ आहे: ओंडक्याच्या मध्यावरील घेराला चाराने भागावे, येणाऱ्या आकड्याचा वर्ग करावा आणि त्याला लांबीने गुणावे. मधला घेर ४ फूट व लांबी १० फूट असल्यास चौथाई १ फूट, वर्ग १, आणि माल १० घनफूट. ही रीत प्रत्यक्ष घनफळाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच माल दाखविते, म्हणजे पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक लाकूड हिशेबाबाहेर राहते. रूढी आहे म्हणून ती मान्य करावी; परंतु त्यावर पुन्हा ‘घट’ म्हणून कोणी कापू लागल्यास, एक घट रीतीतच गेली आहे, हे शांतपणे दाखवून द्यावे. आगारातील भाव घनमीटरवर असल्यास १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट, हे लक्षात ठेवावे. भाव कोणत्या रीतीच्या मापावर आहे, हेही आधी विचारून घ्यावे.

खोड वर निमुळते होत जाते, म्हणून छातीच्या उंचीवरचा घेर हाच मधला घेर धरू नये. छातीपाशी पाच फूट भरलेल्या झाडाचा मधला घेर चार फूट धरला, तर अंदाज सहसा फुगत नाही.

एक उदाहरण घेऊ. यातील रुपयांचे आकडे केवळ गणित समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्ष भाव ज्याने त्याने आगारातून मिळवावा. समजा, मधला घेर ४ फूट आणि उपयोगी लांबी १८ फूट आहे. माल १८ घनफूट. आगारातील भाव घनफुटास १,२०० रुपये धरला, तर २१,६०० रुपये झाले. तोडणीचे १,००० रुपये, वाहतुकीचे २,५०० आणि परवानगी-मोजणी वगैरेचे १,००० वजा केले. गाठी, वाक, पोकळी यांसाठी दहा टक्के, म्हणजे २,१६० रुपये सोडले. घेणाऱ्याचा नफा व जोखीम म्हणून पंधरा टक्के, म्हणजे ३,२४० रुपये दिले. एकूण वजावट ९,९०० रुपये झाली आणि उभ्या झाडाची किंमत ११,७०० रुपये राहिली. प्रत्येक खर्च मोकळ्या हाताने मान्य करूनही एवढी रक्कम उरते. ज्याने हे गणित केले तो चार हजारांच्या मागणीला लगेच रुकार देणार नाही. आणि पलंगाची किंमत मनात धरून पन्नास हजारांचा हट्टही धरणार नाही.

कोणते झाड आधी विकावे?

घेर दुप्पट झाला म्हणजे माल दुप्पट होत नाही, चौपट होतो. दहा फुटी ओंडक्याचा मधला घेर २ फूट असता माल अडीच घनफूट भरतो; ३ फूट असता सुमारे ५.६, ४ फूट असता १०, ५ फूट असता सुमारे १५.६, आणि ६ फूट असता २२.५. हे आकडे घरातील भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहेत.

शिवाय सागाची खरी किंमत गाभ्याला असते. बाहेरचे फिके लाकूड वाळवीला लवकर बळी पडते. समजा, हे बाहेरचे लाकूड सर्व बाजूंनी एक इंच जाड आहे. दोन फूट घेराच्या ओंडक्यात गाभा निम्म्याहून थोडाच अधिक निघेल. चार फूट घेराच्या ओंडक्यात तो तीन-चतुर्थांश भरेल. म्हणून घेर वाढला की माल वाढतो, आणि दर घनफुटाचा भावही वाढतो.

यावरून ‘झाड कधीच विकू नये’ असा निष्कर्ष निघत नाही. समजा, घेर वर्षाला एक इंच वाढतो. मग बारा वर्षांत २ फुटांचे झाड ३ फुटांचे होईल आणि शंभराचा माल सव्वादोनशेचा होईल. ३ फुटांचे ४ फुटांचे होताना शंभराचे एकशे अठ्ठ्याहत्तर होतील. ५ फुटांचे ६ फुटांचे होताना एकशे चव्वेचाळीसच होतील. बारा वर्षांत दुप्पट होणारी ठेव दरसाल सुमारे सहा टक्क्यांची असते. या मापाने पाहता तरुण झाड हे उत्तम ठेवीसारखे वाढते, तर पक्व झाडाची वाढ मंद होत जाते. म्हणून निकड आली तर पक्व, वाढ थांबलेले, शेंडा वाळू लागलेले झाड आधी काढावे आणि जोमदार तरुण झाडे राखावीत. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. ‘मोठे झाड पुढे लग्नाला होईल’ म्हणून ते राहते आणि बल्ल्यांच्या भावाने बारीक झाडे जातात; किंवा उक्त्या सौद्यात जाड-बारीक सारीच एकदम आडवी होतात. हळद शिजविण्याच्या दिवसांत तर वाढीचे झाड सरपणाच्या भावाने काहिलीखाली गेल्याचेही दिसते. त्या कामासाठी छाटलेल्या फांद्या, पऱ्हाट्या आणि निरुपयोगी झुडपे वापरावीत. सरळ खोडाचे झाड चुलीत घालणे म्हणजे बियाण्याची ज्वारी दळून खाणे होय.

जगाच्या बाजाराचाही येथे संबंध पोहोचतो. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. त्यानंतर आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील लागवडीचा साग आपल्या बंदरांत अधिक येऊ लागला. हा माल बहुतांशी कमी वयाचा, कमी घेराचा असतो. आपल्या धुऱ्यावरील बारीक झाडाची स्पर्धा त्याच्याशी आहे. जुन्या, भरल्या गाभ्याच्या झाडाला ती तितकीशी जाचत नाही. राखण्याचे आणखी एक कारण हेच.

तथापि अवास्तव आशाही बाळगू नये. १९९० च्या दशकात सागलागवडीच्या कंपन्यांनी थोड्या वर्षांत प्रचंड परताव्याची आश्वासने देऊन देशभर पैसा गोळा केला, आणि असंख्य गुंतवणूकदार बुडाले. सागाला जमीन, ओल आणि काळ लागतो. धुऱ्यावरील साग ही श्रीमंतीची युक्ती नसून शांतपणे वाढणारी शिल्लक आहे. पिकाला सावली होते ही शेतकऱ्यांची तक्रारही खरी आहे. त्यासाठी झाडे नाल्याच्या काठाने, गाडरस्त्याच्या कडेने व शक्यतो शेताच्या उत्तर बाजूस ठेवावीत, आणि खालच्या फांद्या वेळीच खोडालगत छाटाव्यात. त्यामुळे ऊन पिकाला मिळते आणि खोड बिनगाठीचे होते. मोह, आंबा, चिंच यांची किंमत तर केवळ लाकडात मोजूच नये; दरवर्षी फुले-फळे देणारे झाड एकदाच मिळणाऱ्या लाकडासाठी तोडताना दहा वर्षांच्या उत्पन्नाची बेरीज आधी करावी.

झाडाची जात पारखून घ्यावी

मापाइतकेच महत्त्व जातीला आहे. शेजारच्या पुसद तालुक्यातील एक प्रकरण या दृष्टीने फार बोधप्रद आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गासाठी एका शेतकरी कुटुंबाची जमीन संपादित झाली. तीत एक जुने झाड होते. ते रक्तचंदनाचे समजले जाऊन खाजगी मूल्यांकनात त्याची किंमत सुमारे पाच कोटी रुपये निघाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. रेल्वेने १ कोटी रुपये न्यायालयात जमा केले आणि २०२५ मध्ये त्यांतील ५० लाख रुपये काढण्याची मुभा कुटुंबाला मिळाली. पुढे बंगळूर येथील काष्ठविज्ञान संस्थेच्या तपासणीत ते झाड बिजाचे असल्याचे निष्पन्न झाले, आणि त्याची किंमत अकरा हजार रुपयांच्या आसपास ठरली.

या प्रकरणात कोणाला हसण्याचे कारण नाही. बिजा आणि रक्तचंदन ही एकाच कुळातील जवळची भावंडे आहेत. दोघांच्या शेंगा गोल, चपट्या व पंख असलेल्या असतात. बिजाच्या सालीवर घाव घातला तर रक्तासारखा लाल चीक येतो, आणि तेथेच पाहणारा फसतो. परंतु भेदही आहेत. रक्तचंदनाच्या पानाला बहुधा तीन पर्णिका असतात, बिजाला पाच ते सात. रक्तचंदनाची साल काळपट असून सुसरीच्या पाठीसारख्या चौकोनी खवल्यांत फुटते. बिजाचे लाकूड पाण्यात ठेवले असता उजेडात पाण्यावर निळसर झाक दिसते. आपल्याकडे त्याचे पेले करतात, ते हेच लाकूड. शिवाय रक्तचंदनाचे नैसर्गिक घर आंध्रातील कडप्पा-चित्तूरकडील डोंगर होत, पैनगंगेचे खोरे नव्हे. एवढी माहिती प्रारंभीच तज्ज्ञाकडून तपासून घेतली गेली असती, तर एका कुटुंबाची आशा आकाशाला भिडून पुन्हा जमिनीवर आदळली नसती.

दुसरा धडा असा, की जमीन संपादनात झाडांची किंमत मागण्याचा मालकाला हक्क आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २९ नुसार जमिनीवरील झाडांचे मूल्य ठरविताना जिल्हाधिकारी कृषी, वन, फलोत्पादन इत्यादी विषयांतील अनुभवी व्यक्तींची मदत घेऊ शकतात. परंतु ज्या झाडाची नोंदच नाही, ते संयुक्त मोजणीच्या दिवशी सिद्ध करणे कठीण जाते. रेल्वे, महामार्ग, कालवे ही कामे ज्या मुलखातून जातात किंवा जाणार आहेत, तेथे ही नोंद आजच करून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

परवानगी: अडचण आणि संरक्षण

वृक्षतोडीच्या नियमनाचा महाराष्ट्राचा १९६४ चा अधिनियम सर्वांना ऐकून ठाऊक असतो. साग, बिजा, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन, हळदू, तिवस, खैर, चंदन इत्यादी झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या शेतातील असली तरी ती वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाहीत. लाकूड हलविण्यास वाहतूक परवाना लागतो. अनुसूचित जमातींच्या भोगवटादारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्या तालुक्यातील आंध व इतर आदिवासी बांधवांनी तो समजून घेतल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा वा सही देऊ नये.

परवानगीच्या खेपांमुळेच शेतकरी ठेकेदाराच्या हाती जातो, असा आक्षेप नेहमी ऐकू येतो. तो निराधार नाही. पेरणी आठ दिवसांवर आली असता जो महिनोन्महिने चालणाऱ्या कागदांचे ओझे उचलतो, तो किंमतही आपल्या मनाची लावतो. दिरंगाईचा खर्च शेवटी झाडमालकाच्याच खात्यातून जातो, हे कार्यालयांत बसणाऱ्या आम्ही सर्वांनी ध्यानात ठेवावयास हवे. अर्ज पूर्ण असेल तर निर्णयाचा दिवस अर्जदाराला सांगता आला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु म्हणून परवानगीच नको, हे म्हणणे मला पटत नाही. पैनगंगा अभयारण्याला लागून असलेल्या आपल्या तालुक्यात ती शेतकऱ्याचेच कवच आहे. ‘कागदांचे आम्ही पाहू’ असे म्हणून कोणी सात-बारा आणि कोऱ्या अर्जावर सही नेली, तर त्या कागदांच्या आडून रानातील चोरीचे लाकूड आपल्या नावाने बाहेर पडू शकते, आणि चौकशी आपल्या दाराशी येते. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या बस्तर जिल्ह्यात १९९० च्या दशकात ‘मालिक मकबूजा’ या नावाने गाजलेले प्रकरण हेच सांगते. तेथे आदिवासींच्या मालकीच्या सागाची अत्यल्प किमतीत खरेदी झाली, त्यांच्या हक्काच्या नावाखाली बेसुमार तोड झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथील आदिवासी झाडांचे मालक होतेच. त्यांच्या हाती नव्हती ती मोजमापाची आणि कागदांची माहिती.

काही बाबतींत वाट सुकर झाली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू हा वन कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. २९ डिसेंबर २०२३ रोजी संपूर्ण देशासाठी वाहतूक परवान्याची संगणकीय पद्धती सुरू झाली. ‘ई-पीक पाहणी’च्या उपयोजनात धुऱ्यावरील झाडे नोंदविण्याची सोय आहे. पीक नोंदविताना आपण ती पायरी वगळून पुढे जातो. यापुढे वगळू नये.

गावपातळीवरील सहकाऱ्यांस विनंती

आता माझ्या सहकाऱ्यांसाठी चार गोष्टी. पहिली, शिवारफेरीत पिशवीत टेप असावी आणि निदान दहा शेतकऱ्यांना मोजणीची रीत प्रत्यक्ष झाडापाशी शिकवावी. ती कागदावर कळत नाही. दुसरी, ग्रामपंचायतीच्या फलकावर जवळच्या आगारातील अलीकडील लिलावाचे भाव घेराच्या वर्गवारीसह लिहावेत; आपणाकडे भाव नसल्यास वनपरिक्षेत्र कार्यालयातून मागवावेत. तिसरी, एका धुऱ्यावरचा एकटा शेतकरी चार झाडे विकताना दुबळा पडतो. आठ-दहा जणांनी एकाच वेळी अर्ज करून, मोजमापाची यादी हातात ठेवून, दोन-तीन खरेदीदारांकडून लेखी दर मागविले तर त्यांच्या शब्दाला वजन येते. चौथी, ही सारी तयारी दिवाळीनंतर सुरू व्हावी. झाड मृगात आठवू नये. मृगात आठवलेले झाड अर्ध्या किमतीचे होते.

शेतकरी बंधूंनी व भगिनींनी एक साधी वही करावी. तीत झाडाचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरील घेर, खोडाची लांबी आणि मोजल्याची तारीख, एवढेच लिहावे. दर दोन वर्षांनी त्याच दिवशी पुन्हा घेर घ्यावा. कोणते झाड वाढते आहे आणि कोणते थांबले आहे, हे ती वहीच सांगेल. सौदा करावयाचा तो घनफुटावर करावा, उक्ता करू नये; मोजणी ओंडके शेतात असतानाच दोघांच्या समक्ष व्हावी; आणि पैसे लाकूड धुऱ्यावरून हलण्यापूर्वी मिळावेत. झाड तोडले तर त्याच पावसाळ्यात त्याच्या जागी सागाची जडी किंवा योग्य रोप लावावे. परवानगीत नवीन झाड लावण्याची अट असते म्हणून नव्हे, तर आपल्या नातवाला विकावयास काही असावे म्हणून.

ज्या शेतकऱ्याचे चौदा साग गेले, त्यांच्या धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला सहा झाडे अजून उभी आहेत. मागील खेपेस गेलो तेव्हा प्रत्येक खोडावर चुन्याने क्रमांक घातलेला होता आणि सहाही घेर त्यांच्या नातीच्या जुन्या शाळेच्या वहीत लिहिलेले होते. दोनदा मागणी येऊन गेली, असे त्यांनी सांगितले. “घनफुटाचा भाव सांगा म्हटलं, तो मग आलाच नाही.” तो का आला नाही, हे प्रत्येक गावात उमजेल, तेव्हा धुऱ्यावरच्या झाडाला त्याची वाजवी किंमत मिळू लागेल. त्यासाठी शासनाच्या नव्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. साठ इंची टेप आणि एक वही पुरेशी आहे.